कवडशातलं ग्रहण : चाळीसगावकडचे चार दिवस

२६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण पाहायला मी आणि माझी अकरा वर्षांची लेक कल्याणहून चाळीसगावला गेलो. कंकण, म्हणजे झाकलेल्या सूर्याची तेजाळ बांगडी, दिसणार होतं ते खाली दक्षिणेत, कासरगोड, कोइंबतूर, दिंडिगलच्या पट्ट्यात. खानदेशात सूर्य अर्ध्याहून जास्त झाकला जाणार होता, बस. तरी मी मामांचं गाव निवडलं, त्याला कारण मामांचा उजवा डोळा.

१६ फेब्रुवारी १९८० ला मामा आठवीत होते. त्या दिवशी खग्रास पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला आणि खानदेशात दुपारी खंडग्रास दिसलं. गावातली दारं बंद. मामा आणि त्यांचा एक मित्र मळ्यात गेले, कंदिलाच्या फुटक्या काचेला चिमणीच्या ज्योतीवर काजळी धरली आणि आळीपाळीनं त्यातून बघत बसले. दुखलं काहीच नाही. संध्याकाळी पुस्तक उघडलं तर अक्षरांच्या मधोमध करडा ठिपका. तो आजही आहे. डावा डोळा झाकला की समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक-तोंड दिसत नाही, असं ते सांगतात. "मन्हा डोया तठेच गया," एवढं बोलून विषय बदलतात.

डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, घात होतो तो इथेच. भाजलं तर हात आपोआप मागे येतो, डोळा तसा येत नाही. त्रास दिसतो तो काही तासांनी. काजळीनं उजेड कमी होतो म्हणून बाहुली मोठी होते, माणूस निवांत बघत राहतो, आणि न दिसणारी घातक किरणं आत जातच राहतात. त्या गावात यंदा कुणाच्याही हातात काजळीची काच येऊ द्यायची नाही, एवढं ठरवून मी निघाले होते.

सोमवार, २३ डिसेंबर : तीस चष्मे, एक ट्यूबलाइट

गाडी वेळेवर. स्टेशनाबाहेर मामेभाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता, आमच्या बॅगा बघून त्यानं रिक्षाही ठरवली. गिरणेच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, कुठे हरभरा, कुठे कंबरेएवढी दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. थंडी होती, पण आकाश साफ नव्हतं. पश्चिमेला दुधासारखा पातळ ढग पसरलेला. तेव्हाच पोटात थोडा गोळा आला.

मामींनी कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा केला होता. शेवभाजीचा रस्सा असा झणझणीत की लेकीनं दोन घासांनंतर दूधच मागितलं. मामी हसून म्हणाल्या, "राहू दे माय, उद्या तुला खापरावरचे मांडे घालते."

जेवणानंतर मी पेटारा उघडला. ऑनलाइन मागवलेले तीस ग्रहणचष्मे, प्रत्येकावर आयएसओ १२३१२-२, म्हणजे सूर्य बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, असं छापलेलं. छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी कटाक्षानं पाळते. चष्मा लावून घरातल्या ट्यूबलाइटकडे बघायचं. खरा चष्मा असेल तर ठार अंधार. ट्यूब, खिडकी, माणूस, काहीही दिसता कामा नये. मग प्रत्येक फिल्म मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, ओरखडा, कडेची फट तपासायची. मी आणि लेक ओट्यावर बसून एकेक तपासत गेलो. सात चष्म्यांतून ट्यूब स्वच्छ दिसली. सात! त्याच पाकिटातले, तीच छपाई. विकणाऱ्याला फोन केला तर "सगळा माल एकच आहे ताई" एवढंच उत्तर मिळालं. ते सातही चष्मे मी तिथेच कात्रीनं कापले, कारण नुसते कचऱ्यात टाकले असते तर सकाळी पोरांनी उचलून आणले असते.

मामेभावाच्या ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला आहे. तो वेल्डिंगची काच द्यायला तयार झाला, फार प्रेमानं. काचेवरचा नंबर बघितला : ११. सूर्यासाठी १४ नंबरची लागते. त्याचे आभार मानून परत केली. त्याला वाईट वाटू नये म्हणून मामेभाऊ त्याच्याकडे चहाला थांबला.

मंगळवार, २४ डिसेंबर : शाळेची रंगीत तालीम

जिल्हा परिषदेच्या शाळेत साठेक पोरं. गुरुजींशी फोनवर आधीच बोलणं झालं होतं. तेवीस चष्मे आणि साठ पोरं, म्हणजे तिघांत एक. गुरुजींनी पटकन तोडगा काढला : तिघांची एक टोळी, एकजण बघणार, एकजण दहा आकडे मोजणार, तिसरा कागदावर आकार काढणार, मग पाळी बदलायची. मला हे फार आवडलं. मोजणारा असला की बघणाऱ्याला हावरटपणा करता येत नाही.

चष्मा लावायची सवय आम्ही अंगणात घटवून घेतली. मान खाली, चष्मा लावा, मग वर बघा. झालं की मान खाली किंवा पाठ सूर्याकडे, मगच काढा. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावरून लावा. हे इतक्यांदा केलं की तिसरीतली एक मुलगी घरी जाताना वाटेनंही मान खाली-वर करत गेली.

सोबत ज्या गोष्टी करायच्या नाहीत त्या फळ्यावर लिहिल्या : क्ष-किरणांची फिल्म, गॉगल, सीडी, काजळीची काच. परातीत पाणी, तेल किंवा हळदीचं पाणी घालून त्यात प्रतिबिंब बघणं हेही त्यातच. हे शेवटचं सांगितल्यावर वर्गात कुजबुज झाली, कारण घराघरांत आज्या तेच करतात. प्रतिबिंबातला सूर्यसुद्धा डोळ्याला पेलणारा नसतो. आणि दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याला ग्रहणचष्मा लावून बघायचं नाही. दुर्बीण सगळं ऊन एका ठिपक्यात गोळा करते आणि डोळ्याशी धरलेली फिल्म जळून जाऊ शकते. गाळणी लावायची तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, तीही त्यासाठीच बनवलेली.

मग आली माझी लाडकी गोष्ट. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडलं, सूर्याकडे पाठ केली आणि खाली पांढरा कागद धरला. कागदावर छोटा गोल. पोरांना वाटलं, भोक गोल आहे म्हणून उजेड गोल. मी दुसऱ्या पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडलं. लांब धरल्यावर तरीही गोल! तो भोकाचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. एक मीटर लांबीला साधारण ९ मिलिमीटरचं. दोन मीटर लांब धरलं तर दुप्पट मोठं, पण फिकं. गुरुजी म्हणाले, "म्हणजे आमच्या कौलांतून पडतो तो कवडसा..." आणि थांबले. बरोबर. आयुष्यभर आपण जमिनीवर सूर्याचे फोटो तुडवत असतो.

कुणाला करून बघायचं असेल तर : जाड पुठ्ठा घ्या, भोक टाचणीपेक्षा थोडं मोठं चालेल, आणि पोरांना आधीच बजावा की भोकातून सूर्याकडे बघायचं नसतं. पहिल्या पाच मिनिटांत निम्मी पोरं पुठ्ठा डोळ्याला लावतात.

बुधवार, २५ डिसेंबर : पाटण, आणि रात्री भरीत

नाताळची सुट्टी. मामा, मामेभाऊ, लेक आणि मी पाटणादेवीला गेलो, चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या डोंगराच्या कुशीत. सागाची पानं वाळून खाली पडली होती, पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. वर कन्हेरगड, मध्ये ओढा, आणि अलीकडे हेमाडपंती महादेवाचं देऊळ. डबा घरूनच न्या आणि लवकर निघा. आम्ही दहाला पोचलो आणि उन्हाआधी दोन्ही देवळं निवांत बघून झाली.

मला तिथला शिलालेख बघायचा होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. ते दान दिलं शके ११२८ च्या, म्हणजे १२०७ सालच्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. ग्रहणाचा मुहूर्त साधून गणिताची शाळा उभी राहते, ही गोष्ट मी देवळाच्या पायरीवर बसून लेकीला सांगितली तेव्हा मामाही कान देऊन ऐकत होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा. त्यांचं गाव हेच की दुसरं, यावर विद्वानांत वाद आहे, पण सह्याद्रीच्या पायथ्याचं म्हणून त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. सिद्धान्तशिरोमणी त्यांनी छत्तिसाव्या वर्षी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात सूर्यग्रहणाचं वर्णन आहे : चंद्र सूर्याच्या खालून, ढगासारखा, पश्चिमेकडून येतो आणि आपल्या काळ्या बिंबानं सूर्याला झाकतो. ढगासारखा! म्हणून सूर्याची पश्चिमेकडची कड आधी खाल्ली जाते. सकाळी सूर्य पूर्वेला असताना पश्चिमेची कड म्हणजे वरची. "मग उद्या वरून घास लागेल?" लेकीनं विचारलं. मी म्हटलं, वरून, जरा उजवीकडून. तू बघ आणि मला सांग.

परत येईपर्यंत ढग दाट झाले होते.

रात्री मळ्यात भरीत. मामेभावाच्या मित्रानं जळगावकडून खास भरताची वांगी आणली होती, हिरवट-पांढरी, हातभर, बिया कमी. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांगी त्यात टाकली, साल काळी होऊन तडकेपर्यंत भाजली. मग लाकडी भांड्यात ठेचून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि वरून कढत तेल. केळीच्या पानावर भरीत-पुरी. थंडीत जाळाकडे तोंड केलं की पाठ गार आणि पाठ केली की तोंड गार. असं भरीत मी शहरात कितीदा करून पाहिलं, गॅसवर ती चव येत नाही.

जेवणं चालू असताना मला एक मुलगा दिसला, विशीतला. जाळाच्या कडेला उकिडवा बसून हातातला काचेचा तुकडा धुरावर धरत होता. दोन मित्र बाजूला वाट बघत होते. मी उठणार तेवढ्यात मामा उठले. काही बोलले नाहीत. त्याच्या हातातून काच घेतली, पायाखाली घालून चपलेनं चुरडली. मग त्याच्यासमोर बसले, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "आता मला तुझा फक्त उजवा कान दिसतो. टोपी दिसते. तू हसतोस की रडतोस, मला कळत नाही."

जाळाभोवती सगळे गप्प झाले. मुलाला काय बोलावं कळेना. त्यानं मामांच्या पानावर आणखी एक पुरी वाढली.

एवढी वर्षं मामांनी हे कुणाला असं दाखवलं नव्हतं, मामी मला रात्री म्हणाल्या.

गुरुवार, २६ डिसेंबर : ढग आणि ढगासारखा चंद्र

आठच्या सुमारास स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात होती. सात वाजता अंगणात आले तर पूर्वेला करडी गोधडी. शाळेच्या मैदानावर पोरं तरीही जमली होती, तिघा-तिघांत. आठ वाजले, सव्वाआठ झाले, काही नाही. साडेआठला एक फट पडली आणि एकदम आरडाओरडा झाला. माझी लेक मोठ्यानं ओरडली, "वरून! उजवीकडून!" चष्म्यातून केशरी गोल दिसत होता आणि त्याच्या वरच्या उजव्या अंगाला चावा घेतलेला. भास्कराचार्यांनी सांगितलं त्या बाजूनं.

पण ढगांनी एक नवीनच संकट आणलं, ते मी तालमीत धरलंच नव्हतं. पातळ ढगाआड सूर्य चंद्रासारखा मवाळ दिसतो. चष्म्यातून मग काहीच दिसत नाही, म्हणून पोरं चष्मा काढून नुसत्या डोळ्यांनी बघायला लागतात. आणि ढग क्षणात सरकतो. पहिल्यांदा एका मोठ्या मुलानं असं केलं तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला. गुरुजींनी शिट्टी काढली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, ढग सरला की दुसरी शिट्टी, मग चष्मा लावून वळायचं. सगळी सकाळ ती शिट्टी वाजत होती. ढगाळ दिवशी ग्रहण दाखवणार असाल तर शिट्टी चष्म्याइतकीच गरजेची आहे. खंडग्रास काय किंवा कंकणाकृती काय, चष्मा उतरवायला मोकळा असा एक क्षणही मिळत नाही.

नऊनंतर मी घरी पळाले. कारण घरात भावजय होती, सातव्या महिन्यातली.

याबद्दल मामींशी माझं सोमवारीच बोलणं झालं होतं. ग्रहणाचा पोटातल्या बाळावर काही परिणाम होत नाही, धोका असतो तो डोळ्यांना, आणि तो सगळ्यांना सारखाच, हे मी सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू म्हणतेस ते खरं असेल बाई. पण काही झालं तर गाव मला विचारेल, तुला नाही." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं उपाशी राहायचं नाही, पाणी प्यायचं, हव्या त्या कुशीवर झोपायचं, एवढं मी मिळवलं. बाहेर यायचं नाही, एवढं त्यांनी मिळवलं. त्यामुळे ती माजघरात, खिडक्या लावून.

मी आत शिरले तर अंधार. क्षणभर काही दिसेना. मग तिचा आवाज आला, हळू, "ताई, हे बघा."

पूर्वेकडच्या खिडकीची जुनी लाकडी झडप. तिच्या फळीतली गाठ कधीतरी गळून पडलेली, बोराच्या बीएवढं भोक राहिलेलं. त्यातून येणारी उन्हाची तिरीप समोरच्या सारवलेल्या भिंतीवर पडत होती. रोज तिथे गोल कवडसा पडतो. आज तिथे कोर होती, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी, कडा किंचित धूसर. मध्येच ढग आला की विझायची, पुन्हा उमलायची. ती साडेआठपासून बघत होती. आणि नुसती बघत नव्हती. चुलीतला कोळसा घेऊन तिनं भिंतीवर प्रत्येक आकार गिरवला होता. सूर्य सरकतो तसा कवडसाही भिंतीवर खाली उतरत गेला होता, त्यामुळे तिरक्या रेषेत सहा कोरी, वरची जवळजवळ भरलेली, खालची बारीक.

मी तिला सांगितलं की चित्र उलटं पडतं, वरचा घास इथे खाली दिसतो. तिनं मान वाकडी करून बघितलं, मग म्हणाली, "म्हणजे मी घरात बसून बाहेरच्यांपेक्षा जास्त बघितलं." खरंच होतं. मैदानावर ढगांमुळे आम्हाला सलग दोन मिनिटंही मिळाली नव्हती. तिच्याकडे तर पूर्ण नोंद होती.

मी मामींना हाक मारली. त्या देवघरात जप करत होत्या. आल्या, पदर डोक्यावर सारखा करून दारातच थांबल्या. भिंतीवर तेव्हा सर्वांत बारीक कोर होती, साडेनऊच्या अलीकडची. बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही. मग पुढे येऊन कोरीखाली हाताची ओंजळ धरली, आणि ती कोर त्यांच्या तळव्यावर उतरली. "सूर्याना चांद व्हई गया वं माय!" त्या म्हणाल्या. सुनेनं दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू दाबलं.

अकराच्या सुमारास मोक्ष झाला, ग्रहण सुटलं. मामींनी आंघोळ केली, घर सारवायला घेतलं, सुनेलाही न्हायला पाणी काढून दिलं. माजघरात आल्यावर मात्र त्या भिंतीशी थबकल्या आणि सारवणाचा हात बाजूनं नेला. कोळशाच्या कोरी तशाच राहिल्या.

मामा दुपारी मळ्यातून आले. भिंतीजवळ गेले, आधी दोन्ही डोळ्यांनी बघितलं, मग सवयीनं डावा डोळा झाकला, पुन्हा उघडला. मला म्हणाले, "ऐंशी साली ही झडप होतीच की."

---

चष्मे मी वहीच्या पानांत सपाट घालून आणलेत, दुमडले की फिल्मला भेगा जातात. त्यातले दहा गुरुजींकडे ठेवले. पुढे २१ जून २०२० ला पुन्हा कंकणाकृती ग्रहण होतं, राजस्थान-हरियाणा-उत्तराखंडातून. खानदेशात पुन्हा खंडग्रास. त्याआधी मामांचा फोन आला. म्हणाले, खिडकीची झडप तशीच ठेवलीय, सुताराला हात लावू देत नाही. मी सांगितलं की जूनमध्ये ग्रहण भर दुपारकडे आहे, सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, खिडकीतून तिरीप यायची नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, गोठ्याच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची दहा-बारा भोकं आहेत, खाली जमीन सारवून ठेवतो. पाऊस आला तर पेरणी करू, ऊन पडलं तर ग्रहण बघू. तोवर नातवंड तीन-चार महिन्यांचं झालेलं असेल, त्यालाही गोठ्यात घेऊन बसणार होते.